छत्रपती संभाजीनगरमधील लघुव्यवसायांचे ऑनलाइन विपणन

छत्रपती संभाजीनगरमधील लघुव्यवसायांचे ऑनलाइन विपणन म्हणजे महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे नाव औरंगाबाद) शहरातील दुकाने, उपाहारगृहे, हातमाग विक्री केंद्रे, दुरुस्ती व इतर सेवा देणारे कारागीर आणि लघुउद्योग यांनी ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी इंटरनेटवर अवलंबलेल्या पद्धतींचा समुच्चय होय. डिजिटल नकाशांवरील नोंद, शोधयंत्रातील स्थान, स्वतःचे संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरील पाने, संदेशवाहक अ‍ॅपवरील विक्री आणि ऑनलाइन बाजारपेठांतील सहभाग यांचा त्यात समावेश होतो. वेरूळ व अजिंठा लेण्यांमुळे येणारे पर्यटक, हिमरू व पैठणीची परंपरा, वाळूज-चिकलठाणा-शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती आणि २०२३ मध्ये झालेला शहराचा नामबदल या चार गोष्टींमुळे येथील विपणनाला काही स्वतंत्र वैशिष्ट्ये प्राप्त झाली आहेत.

व्याख्या व व्याप्ती

सूक्ष्म व लघु उद्योगांची व्याख्या भारतात गुंतवणूक व वार्षिक उलाढाल या दोन निकषांवर केली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग लघु समजला जातो. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' या शासकीय संकेतस्थळावर निःशुल्क होते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये या नोंदणीची मुभा देण्यात आली. मात्र त्यांना मिळणारा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जपुरवठ्यापुरता मर्यादित ठेवण्यात आला.

'स्थानिक व्यवसाय' ही संज्ञा कायद्यातील नसून व्यवहारातील आहे. ज्याचा ग्राहक प्रामुख्याने शहरातील किंवा शहरात आलेला असतो, असा व्यवसाय या संज्ञेत येतो. गुलमंडीवरील मिठाईचे दुकान, औरंगपुऱ्यातील पुस्तकविक्रेता, सिडकोतील दंतवैद्य आणि घरोघरी जाणारा वीजतंत्री ही त्याची उदाहरणे होत. अशा व्यवसायाला देशभर दिसण्यापेक्षा जवळच्या ग्राहकाला योग्य वेळी दिसणे अधिक महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

पारंपरिक जाहिरात

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११,७५,११६ होती. जुन्या शहरातील व्यापार गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट, टिळक पथ व औरंगपुरा या भागांत एकवटलेला होता. सिडकोने नवे शहर वसवल्यानंतर कॅनॉट परिसर, तसेच निराला बाजार ही नवी केंद्रे उदयास आली. दुकानाची पाटी, रिक्षावर लावलेला भोंगा, वर्तमानपत्रातून घरोघरी जाणारी हस्तपत्रके, सणासुदीच्या जाहिराती आणि नववर्षाला वाटली जाणारी दिनदर्शिका ही प्रसिद्धीची प्रमुख साधने होती. 'लोकमत'ची आवृत्ती १९८२ मध्ये शहरात सुरू झाली, तर 'दिव्य मराठी' या दैनिकाची सुरुवात मे २०११ मध्ये याच शहरातून झाली. स्थानिक आवृत्त्यांमुळे छोट्या दुकानदारालाही वर्तमानपत्रात जाहिरात देणे शक्य झाले.

ऑनलाइन माध्यमांकडे वाटचाल

भारतात व्यवसायांची माहिती एका ठिकाणी देणाऱ्या सेवांची सुरुवात १९९६ च्या सुमारास झाली. 'जस्टडायल'ने प्रारंभी दूरध्वनीवरून माहिती पुरवली. 'इंडियामार्ट'ने उत्पादक व घाऊक खरेदीदार यांना जोडण्यावर भर दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीमुळे आणि नोव्हेंबरमधील नोटाबंदीमुळे छोट्या दुकानांत क्यूआर संकेताद्वारे पैसे घेण्याची पद्धत रुजू लागली. जानेवारी २०१८ मध्ये 'व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस' हे लघुव्यवसायांसाठीचे अ‍ॅप भारतात उपलब्ध झाले. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या टाळेबंदीत दुकाने बंद राहिल्याने किराणा, औषधे व खाद्यपदार्थ यांची मागणी फोन व संदेशांद्वारे नोंदवणे अनेकांना भाग पडले.

प्रमुख साधने

नकाशावरील नोंद

'गूगल माय बिझनेस' ही सेवा जून २०१४ मध्ये सुरू झाली व नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचे नाव 'गूगल बिझनेस प्रोफाइल' असे करण्यात आले. तीत व्यवसायाचे नाव, वर्ग, पत्ता, दूरध्वनी, वेळा, छायाचित्रे व ग्राहकांचे अभिप्राय दिसतात. नोंद विनामूल्य असते. मात्र मालकी सिद्ध करण्यासाठी दूरध्वनी, टपाल किंवा दुकानाचे चित्रीकरण अशा मार्गांनी पडताळणी करावी लागते. कंपनीच्या अधिकृत माहितीनुसार स्थानिक शोधातील क्रम तीन बाबींवर ठरतो: शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाची सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. ख्यातीमध्ये अभिप्रायांची संख्या व गुणांकन, तसेच इतर संकेतस्थळांवरील उल्लेख यांचा विचार होतो. पैसे भरून हा नैसर्गिक क्रम वर नेता येत नाही. पैसे देऊन मिळणारी जागा 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' अशा खुणेसह वेगळी दाखवली जाते.

अंतर हा निकष असल्यामुळे एकच शोध शहराच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी उत्तरे देतो. वाळूजमध्ये पंक्चर काढणारा शोधणाऱ्यास हर्सूलमधील दुकान सहसा दिसत नाही. यामुळे मोठ्या भांडवलाच्या दुकानासमोर गल्लीतील छोट्या दुकानालाही संधी राहते.

संकेतस्थळ

संकेतस्थळासाठी अधिक्षेत्र नाव व साठवणुकीची जागा यांचे वार्षिक शुल्क भरावे लागते. देवनागरीतील '.भारत' हा विस्तार ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध असून त्यात मराठी नावेही नोंदवता येतात. स्वतःच्या संकेतस्थळाचा मुख्य लाभ म्हणजे मजकूर, ग्राहकांची यादी व पत्ता यांवर व्यावसायिकाचे नियंत्रण राहते. याचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये स्पष्ट झाले. गूगलने आपल्या व्यवसाय नोंदींसोबत दिलेली मोफत एकपानी संकेतस्थळे त्या महिन्यात बंद केली आणि जून २०२४ नंतर त्यांचे पत्ते निष्क्रिय झाले. ज्या दुकानदारांनी हे पत्ते पाट्यांवर, पावत्यांवर व भेटपत्रांवर छापले होते, त्यांना ते बदलावे लागले.

समाजमाध्यमे व संदेशवाहक अ‍ॅप

फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर विशिष्ट परिसर, वय व आवडी निवडून जाहिरात देता येते. कपडे, केक, मेंदी, छायाचित्रण व घरगुती खाद्यपदार्थ या व्यवसायांत दृश्य माध्यमांचा वापर विशेष आढळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरील वस्तुसूची, ठरावीक उत्तरे व प्रसारण यादी यांचा वापर नियमित ग्राहकांसाठी होतो. घरबसल्या व्यवसाय करणाऱ्या महिला व बचतगटांना दुकान भाड्याने न घेता दिवाळीचा फराळ, पापड व मसाले विकण्यासाठी हे माध्यम सोयीचे ठरते.

ऑनलाइन बाजारपेठा

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट व मीशो यांसारख्या बाजारपेठा देशभरचा ग्राहक मिळवून देतात, तर झोमॅटो व स्विगी शहरांतर्गत खाद्यपदार्थ पोहोचवतात. या सेवांच्या मोबदल्यात विक्रेत्याच्या रकमेतून विविध शुल्के वजा होतात. एकाच मंचावरील अवलंबित्व कमी करण्याच्या हेतूने केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'ओएनडीसी' ही संस्था ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झाली. तिच्या खुल्या जाळ्यात विक्रेता एका अ‍ॅपवर व ग्राहक दुसऱ्या अ‍ॅपवर असला तरी व्यवहार होऊ शकतो.

शहराचा नामबदल व ऑनलाइन ओळख

औरंगाबादचे नाव बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी घेतला. त्यानंतर आलेल्या सरकारने १६ जुलै २०२२ रोजी 'छत्रपती संभाजीनगर' या नावास मंजुरी दिली. केंद्र सरकारच्या ना-हरकतीनंतर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शहराचे नाव बदलले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा, तालुका व विभाग यांच्या नावांची अधिसूचना निघाली. या निर्णयाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. रेल्वे स्थानकाचे नाव त्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. सर्व यंत्रणांतील नावे एकाच दिवशी न बदलल्याने काही काळ जुनी व नवी नावे शेजारी-शेजारी वापरात राहिली.

स्थानिक शोधाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. व्यवसायाचे नाव, पत्ता व दूरध्वनी सर्व ठिकाणी सारखे असावेत, हा स्थानिक विपणनाचा मूलभूत नियम मानला जातो. कारण शोधयंत्रे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरील नोंदी जुळवून त्या एकाच व्यवसायाच्या आहेत की नाहीत हे ठरवतात. नामबदलानंतर एकाच दुकानाचा पत्ता 'औरंगाबाद', 'संभाजीनगर', 'छ. संभाजीनगर' व 'छत्रपती संभाजीनगर' अशा चार प्रकारे लिहिला जाऊ लागला. इंग्रजी लिपीतील वर्णलेखनाचे भेद त्यात आणखी भर घालतात.

दोन्ही नावांच्या बाबतीत स्थाननिश्चितीची अडचण आहे. औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, तर संभाजीनगर नावाच्या वसाहती चिंचवड व कोल्हापूर येथेही आहेत. त्यामुळे केवळ शहराच्या नावावर न विसंबता ४३१ या अंकांनी सुरू होणारा पूर्ण पिनकोड व नकाशावरील अचूक बिंदू देणे उपयुक्त ठरते. परदेशी पर्यटकांची जुनी मार्गदर्शक पुस्तके व प्रवासवर्णने जुने नाव वापरतात, तर शासकीय कागदपत्रांत नवे नाव येते. यावर उपाय म्हणून पत्त्यात अधिकृत नाव देऊन संकेतस्थळाच्या वर्णनात 'पूर्वीचे औरंगाबाद' असा एकदा उल्लेख करण्याची पद्धत अवलंबली जाते.

नाव बदलताना जुनी नोंद दुरुस्त करणे व नवी नोंद तयार करणे यांत मोठा फरक पडतो. जुनी नोंद दुरुस्त केल्यास तिच्यावरील अभिप्राय व छायाचित्रे टिकतात. नवी नोंद केल्यास ख्याती दोन ठिकाणी विभागली जाते आणि शोधयंत्र त्यांपैकी एक नोंद दुबार म्हणून काढून टाकू शकते. वर्षानुवर्षे जमा झालेले अभिप्राय हे छोट्या दुकानाचे एक प्रकारचे भांडवलच असल्याने ही चूक महाग पडते.

पत्ते व खुणा

जुन्या शहरात पत्ता सांगण्याची रीत खुणेवर आधारलेली आहे. 'बावन्न दरवाजांचे शहर' अशी ओळख असलेल्या या शहरात पैठण गेट, रोशन गेट, दिल्ली गेट, मकाई गेट व भडकल गेट ही ठिकाणे आजही पत्त्याचा भाग आहेत. याउलट सिडकोतील पत्ते एन-१, एन-२ अशा क्रमांकांनी लिहिले जातात. 'एन' हे अक्षर व अंक देवनागरीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या तऱ्हेने टंकित होत असल्याने नकाशावर चुकीचा भाग दिसण्याची शक्यता राहते. दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र, जवळची खूण आणि वाहनतळाची सोय यांची माहिती दिल्यास ग्राहकाची शोधाशोध कमी होते.

भाषेचा प्रश्न

शहरात मराठीसोबत उर्दू, दखनी वळणाची हिंदी व इंग्रजी यांचा वापर होतो. त्यामुळे एकाच वस्तूचा शोध अनेक भाषांत व लिप्यांत घेतला जातो. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकण्याची सवय सर्वत्र असून आवाजी शोधही वापरला जातो. वर्णनात मराठी मजकूर प्रथम व त्याखाली इंग्रजी मजकूर ठेवल्यास दोन्ही प्रकारच्या शोधांत नोंद आढळू शकते. यंत्राने केलेली भाषांतरे तशीच वापरल्यास खाद्यपदार्थांची व कापडप्रकारांची नावे विपर्यस्त होतात.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी नामफलक बंधनकारक झाला. ही तरतूद दुकानावरील फलकाविषयी आहे. मात्र फलकावरील व नकाशावरील नाव सारखे असल्यास ग्राहकाला दुकान ओळखणे सोपे जाते व मालकीची पडताळणीही सुलभ होते.

क्षेत्रनिहाय स्वरूप

हातमाग व हस्तकला

हिमरू हे सूत व रेशीम यांच्या मिश्रणातून विणले जाणारे कापड या शहराची खूण आहे. मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवल्यावर कारागीर येथे आले, अशी परंपरा सांगितली जाते. पैठणी ही सुमारे ५० किलोमीटरवरील पैठण गावाच्या नावाने ओळखली जाते व तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ऑनलाइन विक्रीत या वस्त्रांपुढील मुख्य प्रश्न अस्सलपणाचा आहे. यंत्रमागावरील नक्कल छायाचित्रात हातमागासारखीच दिसते, परंतु तिची किंमत बरीच कमी असते. हातमागावर महिनोन्महिने विणलेली साडी व नक्कल शोधनिकालांत शेजारी दिसल्यास विणकराचे नुकसान होते. रेशीम मार्क, हातमाग मार्क, विणकामाचे चित्रीकरण व साडीच्या उलट्या बाजूची छायाचित्रे यांच्या आधारे विक्रेते फरक दाखवून देतात.

पर्यटन

वेरूळ व अजिंठा यांना युनेस्कोने १९८३ मध्ये जागतिक वारसास्थळांचा दर्जा दिला. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. त्यामुळे वाहनचालक, मार्गदर्शक व निवासगृहे यांच्याकडील चौकशी वारानुसार बदलते. शहरात अल्पकाळ थांबणारा पर्यटक कोणाला विचारण्याऐवजी नकाशा पाहतो. म्हणून या क्षेत्रात अभिप्राय, अचूक वेळा व सुट्टीच्या दिवसांची नोंद यांना इतरांपेक्षा अधिक वजन असते.

खाद्यव्यवसाय

नान-खलिया, तहारी व इमरती हे शहराशी जोडलेले पदार्थ आहेत. जुन्या खानावळींची प्रसिद्धी मुख्यतः तोंडी होती. पुढे खाद्यविषयक चित्रफितींनी ती शहराबाहेर नेली. खाद्यव्यवसायासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आवश्यक असून खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मंचांवर त्याचा क्रमांक द्यावा लागतो.

लघुउद्योग

बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यानंतर त्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांची साखळी निर्माण झाली. या उद्योगांचा ग्राहक दुसरा उद्योग असल्याने त्यांच्यासाठी समाजमाध्यमांपेक्षा उत्पादनांची तांत्रिक माहिती, यंत्रांची क्षमता, गुणवत्ता प्रमाणपत्रे व घाऊक व्यापाराच्या मंचांवरील नोंद अधिक उपयुक्त ठरते. केंद्र सरकारच्या 'जेम' या खरेदीमंचावरही लघुउद्योग नोंदणी करू शकतात. 'मसिआ' ही लघुउद्योजकांची व 'सीएमआयए' ही उद्योग-व्यापाराची संघटना शहरात कार्यरत असून, सीएमआयएच्या पुढाकारातून 'मॅजिक' हे नवउद्योगांना साहाय्य करणारे केंद्र उभे राहिले आहे.

कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या वस्तूंविषयी अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने हा संबंध स्पष्ट सांगणे जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शिकेनुसार अपेक्षित आहे. पॅकबंद वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन व उत्पादकाचे नाव दाखवावे लागते.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, ई-वाणिज्य मंचावरून वस्तू विकणाऱ्यास पूर्वी उलाढाल कितीही असली तरी नोंदणी अनिवार्य होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढालीच्या मर्यादेखालील विक्रेत्यांना काही अटींवर राज्यांतर्गत विक्रीसाठी या सक्तीतून सूट मिळाली. ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक जमवणाऱ्या व्यवसायांच्या दृष्टीने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ महत्त्वाचा आहे; माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणे व संमती घेणे हे त्याचे मूलतत्त्व होय.

मर्यादा व टीका

ऑनलाइन विपणनाचा सर्वांत मोठा धोका परक्या मंचांवरील अवलंबित्वाचा मानला जातो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा त्यांवर मिळवलेला प्रेक्षकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मंचांच्या व्यवहारांविषयी उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता.

खोटे अभिप्राय ही दुसरी समस्या आहे. पैसे देऊन घेतलेली स्तुती आणि प्रतिस्पर्ध्याने लिहवलेली निंदा या दोन्हींमुळे प्रामाणिक व्यावसायिकाचे नुकसान होते. अभिप्राय काढून टाकण्याचा अधिकार दुकानदाराला नसतो. तो केवळ तक्रार करू शकतो किंवा जाहीर उत्तर देऊ शकतो. नोंदीतील वेळा बदलण्याची किंवा 'कायमचे बंद' अशी सूचना कोणीही पाठवू शकत असल्याने नोंद वेळोवेळी तपासावी लागते.

फसवणुकीचे प्रकारही आढळतात. शोधयंत्राच्या कंपनीतून बोलत असल्याचे भासवून पहिल्या क्रमांकाची हमी देणे व त्यासाठी शुल्क मागणे, पैसे मिळण्यासाठी क्यूआर संकेत स्कॅन करण्यास सांगणे, तसेच दुकानावरील क्यूआर संकेताच्या जागी दुसरा चिकटवणे हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक टाकावा लागत नाही. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.

संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावरच अधिक्षेत्र नाव किंवा व्यवसायाची नोंद राहिल्यास पुढे वाद उद्भवतात. त्यामुळे नोंदणी मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर करून त्रयस्थास केवळ व्यवस्थापनाचा अधिकार देण्याची शिफारस केली जाते. याखेरीज वयस्कर दुकानदार, फेरीवाले व हंगामी विक्रेते यांच्याकडे स्थिर पत्ता, वेळ किंवा कौशल्य नसल्याने ते या व्यवस्थेबाहेर राहतात. नकाशावर नसलेले दुकान नव्या ग्राहकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. त्यामुळे ऑनलाइन उपस्थिती ही काहींसाठी संधी, तर काहींसाठी मागे पडण्याचे कारण ठरते.

हेही पाहा

छत्रपती संभाजीनगर
हिमरू
पैठणी
ई-वाणिज्य
युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग